वकीलबाईची पंचमी

बोरीच्या बाजारादिवशी नीलम्मा वकीलबाई महादेवाच्या मंडपात बसायची. गोरगरीब बायांच्या केसी फुकट लढायची, चहासुद्धा स्वतःच्या पदरचा प्यायची. लोक म्हनायचे, फुकटचा वकील काय कामाचा! आग लागो तुमच्या तोंडाला. माझ्या भावांनी मला नवं लुगडं नेसवून, वाटंत गरम भजे खाऊ घालून रजिस्ट्री हापिसात नेलं, तवा हीच बाई आडवी आली.

"सुमन, कशावर सही करतेस, ठाऊक आहे का?"

हक्कसोड व्हती ती. बापाच्या रानातला आपला वाटा भावांला सोडून द्यायचा. आमच्याकडं बहिनी ती सही देतातच. जी देत न्हाई तिचं माहेर तुटतं. मी न्हाई केली. बाईनं केस लढली, मला रान मिळालं. तवापासून एकबी भाऊ माझ्या दारात आला न्हाई.

एकदा मी तिला बोलूनबी दाखवलं. "बाई, तुमी कायदा सांगता. नागपंचमीला आमाला माहेरी कोन न्यायचं, ते सांगत न्हाई."

"माहेर काय एका सहीवर असतं का गं?" म्हनली आन् हसली.

तिला काय जातंय हसायला! नवरा लग्नानंतर लगेच गेलेला, लेकरू न्हाई, परभनीत दोन खोल्यांत एकलीच राहायची. पन वालूरहून तिचा भाऊ रुद्रेश दर पंचमीला गाडी घिऊन न्यायला यायचा. त्या एका दिवसावर बाई वर्ष काढायची. झोका, भाचीची मेंदी, गावातल्या मैत्रिनी, हेच सांगत बसायची.

मागल्या उन्हाळ्यात तिचे वडील सिद्रामप्पा वारले. मग रुद्रेश कागद घिऊन परभनीला आला. मी त्या दिवशी तिच्याकडंच उतरलेली.

"अक्का, हितं सही कर."

"दुसऱ्यांच्या लेकींना नको म्हणते रे मी. मी कशी करू?"

"तुला ना लेकरू ना बाळ. कुनासाठी पायजे रान?"

बाईचं तोंड एवढंसं झालं. पन सही केली न्हाई. तो चहा न पिताच गेला.

पंचमीला मी पुरनाची दिंडं करून घिऊन तिच्याकडं गेले. बघते तर काय, बाई नवी साडी नेसून, बॅग भरून दाराकडं तोंड करून बसलेली.

"रुद्रेश येईल. रागावलाय, पण येईल."

दुपार कलली. "रस्ता खोदलाय म्हणे कुठंतरी," म्हनली. मी म्हनले, बाई, दोन घास खाऊन घ्या. तर म्हने, तो आल्यावर सगळे मिळून जेवू. दिवेलागन झाली तवा उठली आन् बॅगेतल्या साड्या एकेक करून कपाटात ठिवल्या. माझं काळीज तुटलं. मुडदा बशिवला त्या रुद्रेशचा! मोठ्यानंच बोलले मी.

"शिव्या देऊ नकोस, सुमन. माझा भाऊ आहे तो."

पुढच्या बाजाराला झरीची भक्ती आली, नवं लगीन झालेली. भाऊ बाहेर जीप घिऊन हुभा, सही घ्यायला. बाईनं तिला कायदा सांगितला. तुझा वाटा तुझाच, कुनी हिसकू शकत न्हाई. मग आजवर कुनाला सांगितलं न्हाई ते सांगून बसली.

"सही नाही केलीस, तर पंचमीला कुणी न्यायला येईलच असं नाही. माझा आला नाही. आता तू ठरव."

पोरगी लय वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग बाईच्या पाया पडली आन् भावाच्या जीपमंदी जाऊन बसली.

मी तर भडकलेच. "असं सांगतेत व्हय वकील? हातातली पोरगी घालवली की!"

बाईनं कागद पिशवीत भरले. बाजार उठल्यावर नेहमीसारखी माझ्या घरी जेवायला आली. मी ताट वाढलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आन् तसाच हातात धरून बसली.

"सुमन, तेव्हा मी तुला असं सांगितलं असतं, तर तू सही केली असतीस?"

खोटं बोलावं असं लय मनात आलं. पन तिच्याशी मी कधी खोटं बोलले न्हाई.

"केली असती, बाई."

तिनं घास ताटात ठिवला.

"मीपण," म्हनली. "मला वाटलं होतं, तो येईल."