डब्यातलं चौथं काडतूस

माझ्या सासऱ्यांच्या हातून एकदा माणूस जाता जाता राहिला.

अण्णांनी हे कधी लपवलं नाही, म्हणून मीही लिहितेय.

नागावात सगळे त्यांना आयटीआयचे सर म्हणून ओळखायचे. निवृत्तीनंतर त्यांचा एकच नाद. जुन्या दोननळी रायफलींची काडतुसं हाताने भरणं. त्या काडतुसांचं उत्पादन कधीच बंद झालंय. रिकामी पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, साफ करायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. लायसन्स, परवानग्या, सगळं रीतसर.

त्यांच्या या कामाच्या खोलीचं दार बंद असलं की हाक मारायची नाही, हा घरातला नियम.

त्या दुपारी मी दार वाजवलं. गॅसवाला आला होता, सुट्टे हवे होते. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मित्र सुभानराव आठ काडतुसं घेऊन गेले. त्यांच्या आजोबांची रायफल, पालीजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर चालवायची होती.

नऊ वाजता अण्णा बाहेर आले. चेहरा पांढरा.

"दारूच्या डब्यात एका काडतुसाइतकी दारू कमी भरतेय. कुठल्यातरी केसमध्ये दोनदा पडलीय."

"बाहेरून कळत नाही?"

"नाही. नळी फुटेल. तोंडाजवळ."

सुभानरावांचा फोन वाजत राहिला. रेंजवर फोन बाजूला ठेवतात.

मी गाडी काढली. अण्णा शेजारी, मांडीवर वजनकाटा. वडखळला ट्रक आडवा. वीस मिनिटं आम्ही जागच्या जागी. अण्णा रिडायल करत होते.

रेंजच्या फाटकात शिरलो आणि आवाज झाला.

अण्णांनी डोळे मिटले. माझा पाय ब्रेकवर दाबलेलाच राहिला.

मग ते दार उघडून धावले. एकाहत्तराव्या वर्षी, चप्पल गाडीत टाकून.

"सुभानराव! घोड्यावरचं बोट काढा! दुसरी झाडू नका!"

सुभानराव धडधाकट उभे होते. एक नळी झाडून झाली होती, दुसरी भरलेली. त्यांनी रायफल उघडली, काडतूस काढून टेबलावर ठेवलं.

अण्णांनी उरलेली सातही तोलली. नळीतलं बरोबर होतं. काडतुसांच्या डब्यातलं चौथं जड निघालं. गोळी काढून आतली दारू बघितली.

दुप्पट.

दहा-बारा माणसं बघत होती. अण्णा म्हणाले, "चूक माझी. मध्येच उठलो, परत येऊन तपासलं नाही."

सुभानरावांनी ती केस बाजूला ठेवली, खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "सर, बसा आधी. पाणी प्या."

परतताना मला राहवलं नाही. "अण्णा, दार मी वाजवलं होतं."

"ठाऊक हाय मला."

"मग तिथं सगळ्यांना सांगितलं का नाहीत?"

"तू हाक मारलीस. तपासायचं काम माझं होतं. त्यात तुझं नाव कशाला?"

मी नागोठण्यापर्यंत रडत होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

दोन महिने खोली बंद होती. मग सुभानरावच रिकाम्या केसेस घेऊन दारात उभे. "मी दुसऱ्या कुणाकडं जाणार न्हाय."

तेव्हापासून अण्णा मला आत बसवायचे. काट्यावरचा आकडा मी मोठ्याने वाचायचा, त्यांनी ऐकून मान हलवायची. मगच गोळी बसायची.

आज पहाटे अण्णा गेले. झोपेतच, शांतपणे.

सुभानराव माणगावहून निघालेत. ते आले की अकरा वाजता नेऊ.

या अण्णा. तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.