आशाताईंनी दोनदा मोजलेले श्वास

बाळंतपणाला मी घोटीला माहेरी आले होते. मुलगी तेरा दिवसांची झाली होती. ‘लय गुणी पोर हाय, रडत नाय की त्रास देत नाय,’ असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मलाही झोप मिळत होती, म्हणून मी खूश होते.

त्या सकाळी आरोग्य केंद्राच्या आशाताई बाळाला तपासायला, नेहमीच्या भेटीला आल्या. आईने त्यांनाही तेच सांगितलं, पण त्या हसल्या नाहीत. ‘कालपासून दूध किती वेळा ओढलं?’ त्यांनी मला विचारलं. मला नीट सांगता येईना. त्यांनी दुपटं सोडलं आणि घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर मुलीचे श्वास मोजले. मग पुन्हा मोजले.

‘साठाच्या वर आहेत. अंगही गार लागतंय. आत्ताच नाशिकला न्यायचं.’

गाडी त्यांनीच फोन करून बोलावली. वाटेत मुलीला माझ्या पदराआड, अंगाला अंग लावून धरायला सांगितलं.

तपासणीत रक्तात जंतू पसरल्याचं निघालं. दहा दिवस शिरेतून औषधं चालली. ‘वेळेत आणलंत,’ डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला लाजच वाटली.

आम्ही घरी परतल्यावर आशाताई पुन्हा आल्या. आई त्यांच्या पाया पडायला वाकली, तशा त्या मागे सरल्या. ‘अहो मावशी, हे काय! मला अजून दोन घरं करायचीत.’ मुलीचं वजन करून, उभ्याउभ्याच चहा घेऊन त्या निघाल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत मी मुलीला घेऊन दारात उभी होते.