वाढत्या मापाचे बूट

"हिले रविवारच्या ट्रायलमधून काढून राहिलो मी," कोच म्हणाले. "दहा मिनिटांत लंगडते. नुसती नाटकं!"

प्रांजली माझ्या तपासणीच्या टेबलावर मान खाली घालून बसली होती. वय चौदा, गाव नागपूरकडच्या कुहीजवळचं. अनवाणी खेळायची तेव्हा तिच्या डाव्या पायाला आमच्या फुटबॉल अकॅडमीत तोड नव्हती. मागच्या महिन्यात बूट आले आणि खेळ गेला. जिल्ह्याच्या टीमसाठी ही तिची पहिलीच ट्रायल.

मी अकॅडमीची फिजिओ. खेळाडूंचे स्नायू, सांधे धड ठेवणं हे माझं काम. गरिबाच्या पोरीचं दुखणं लोकांना इतक्या लवकर नाटक कसं वाटतं, याची मला चीड आहे.

"सर, आधी तपासू द्या."

गुडघा ठीक. घोटा ठीक. पोटऱ्या मात्र दगड.

"मोजे काढ."

"राहू द्या ना ताई."

काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. बूट उलटा केला तर आतून चिंध्या पडल्या. पाय चार नंबरचा, बूट सहाचा. सैल बुटात पाय सरकतो, अंगठे पुढे आदळतात. मग बोटं आवळून बूट धरून ठेवावा लागतो, आणि सगळा ताण पोटरीवर येतो.

"काहून नाही सांगितलं वं?"

"बाबानं आणले. कळमन्याच्या बाजारात हमाली करते तो. अख्ख्या गावाले दाखवले त्यानं. मोठे होते म्हटलं तं त्याले वाईट वाटन."

आपल्याकडे वाढत्या पोरांना सगळं मोठंच घेतात. फ्रॉकला ते चालतं.

मी तिच्या बाबांना स्पीकरवर फोन लावला. मागे पोत्यांचा, ट्रकचा गोंगाट. बुटांचं आणि प्रांजली काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं.

"मले वाटलं, दोन वर्षं पुरतील," ते म्हणाले. मग आवाज चढला. "अन् काय वं पगले, गावाले मी बूट दाखवले काय? फुटबॉल खेळते म्हणून पोरगी दाखवली ना!"

प्रांजली ओंजळीत तोंड लपवून रडली.

"पोटऱ्या सैल होईपर्यंत आराम," मी कोचना म्हटलं. "रविवारी एका सीनियर मुलीचे चार नंबरचे बूट. लंगडली तर मीच बाहेर काढीन."

"ठीक आहे," कोच पुटपुटले.

रविवारी ती शेवटपर्यंत धावली. निवड झाली, राखीव खेळाडूंत. बाबांनी तेवढ्यावर अकॅडमीत पेढे वाटले.

आता नव्या पोरांचे बूट मी पहिल्याच दिवशी दाबून बघते. अंगठ्यापुढे बोटभर जागा, त्याहून जास्त नाही. पोराच्या जिद्दीवर शंका घेण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो.