उजव्या हाताला तळं

मला दिशा कळत नाहीत. डावं-उजवं कळतं, पण तेही जेवायचा हात आठवून. लहानपणी ठाण्याला मामाकडे गेले असताना चाळीतल्या नळावरून परत आले ती सरळ शेजाऱ्यांच्या घरात शिरले आणि पाटावर जाऊन बसले. त्यांनी वाढलं, मी जेवले. भात मऊ का आहे एवढंच काय ते मनात आलं. पुढे कितीतरी वर्षं घरात कोणी वाट चुकल्याचं बोलायला लागलं की हा पाट निघायचाच.

अशी मी नंतर एकटीने म्हैसूरला गेले, भोपाळला गेले, एकदा तर दार्जिलिंगलाही जाऊन आले. लोक विचारतात, भीती नाही वाटत? वाटते की. पण त्या भीतीची सोय मी एकोणिसाव्या वर्षीच डोंबिवलीजवळच्या एका तळ्याकाठी लावून टाकली आहे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशन, त्याच्या आसपास आमच्यासारख्या नोकरदारांची घरं, आणि घरं संपली की भातशेती. मला एका खेड्यातल्या शाळेत नोकरी लागली. शाळा एका खोलीची, शिक्षिका मी एकटीच आणि कुलपाची किल्लीही माझ्याच कमरेला. घरापासून तासाभराची पायवाट. आई म्हणाली, ‘‘हिला माजघरातून स्वयंपाकघरात पाठवायचं तर सोबत द्यावी लागते, आणि ही शेतातून जाणार?’’

 वडील मोजणी खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी जमिनी मोजल्या आणि नकाशे काढले, आणि देवाने मुलगी ही अशी दिली. त्यांचा एक नेम होता. लोकांनी सांगितलेली वाट नकाशात पेन्सिलीने दाखवायची. स्वतः चालून पाहिली की मगच शाई. माझ्यासाठी ते शाळेपर्यंत जाऊन आले आणि सुबक नकाशा काढून माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘एकटीने जायचं, वेळेवर पोचायचं. वाट चुकलीस आणि शाळेला उशीर झाला, तर नोकरी बंद.’’

मला ती नोकरी जिवापाड हवी होती. ती गेली असती तर घरी बसून स्थळांपुढे चहाचे कप नेणं एवढंच उरलं असतं. शिवाय, खरं सांगायचं तर, शिकवण्याइतकाच मला तो जातायेतानाचा एकेक तास हवा होता. तेवढा वेळ मी कोणाची मुलगी नव्हते की कोणाची बहीण. नुसती चालणारी एक बाई होते.

नकाशाचा मला काही उपयोग झाला नाही. मी वळले की तो वळत नसे. मग मी त्याला उलटा करी, आणि उलट्या नकाशावरची अक्षरं वाचायला मान तिरकी करी. शेवटी तो पिशवीत ठेवून दिला आणि माझ्या मी खुणा धरल्या. वाटेत एक तळं लागायचं. अलीकडच्या काठावर गावदेवीचं देऊळ. तिथून दोन-तीन वाटा फुटत. त्यांतल्या एका वाटेच्या तोंडाशी एक म्हैस बांधलेली असायची. म्हैस दिसली की तिकडे वळायचं.

दिवाळीनंतर एके दिवशी मालकाने म्हैस दुसरीकडे बांधली. मी तिच्याकडे बघून ओळखीचं हसले, वळले आणि थेट मानपाड्याच्या वाटेला लागले. शाळेत पोचले तेव्हा मुलं कुलूपबंद दारासमोर तासभर बसलेली होती. एकजण म्हणाली, ‘‘बाई, आमी पाडे म्हनले.’’ त्यांनी आपापलेच पाढे म्हटले होते. मला रडूच फुटलं.

घरी खोटं बोलता आलं असतं. पण वडिलांसमोर मला ते कधी जमलं नाही. म्हैस सांगितली तेव्हा भाऊ पोट धरून हसला. वडील हसले नाहीत. ‘‘होळीपर्यंत मुदत देतो,’’ ते म्हणाले. ‘‘होळीनंतरच्या शनिवारी तुझ्या मागून येईन. तू पुढे चालायचंस, मी बोलणार नाही. चुकलीस तर तिथल्या तिथे राजीनामा.’’

दुसऱ्या दिवशी देवळापाशी मी वाटांकडे बघत उभी राहिले. आवारात एक म्हातारी वाळत घातलेलं भात राखत बसली होती. मला रोज बघणारी.

‘‘का गो बाय, म्हस शोधतंस?’’

म्हणजे गावभर झालं होतं. मी कबूल केलं की मला वाटच कळत नाही.

‘‘देवीला फेरी घालतंस ना? तवा चुकतंस का?’’

नाही. तेवढं मात्र कधी चुकले नव्हते. देव उजव्या हाताला. हे शिकावं लागत नाही, पायांनाच ठाऊक असतं.

‘‘मंग तला पन देवीचाच हाय,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘उजव्या हाताला धर नि चाल. चिंच आली का तला सोर, नि नाकासमोर जा.’’

मी तळं उजव्या हाताला धरलं. पलीकडच्या काठावर चिंच आली, तळं सोडलं, समोर शाळा. चिंच काही कोणी उठवून दुसरीकडे बांधणार नव्हतं. संध्याकाळी परत येताना चिंचेपाशी पुन्हा तळं उजव्या हाताला धरलं, तर मी भलत्याच काठाने चालू लागले. तिथे वाट नव्हती, गुडघाभर गवत होतं. पण देव डावीकडे घ्यायला पाय तयार होईनात. तशीच गेले, आणि देऊळ आलं. सकाळी एका काठाने, संध्याकाळी दुसऱ्या. दिवसाला एक प्रदक्षिणा.

त्यानंतर एकदाही उशीर झाला नाही. गावात मात्र बोललं जाऊ लागलं की शाळेच्या बाईंचा काहीतरी नवस आहे. पौषात दोन बायका माझ्यामागून त्या गवतातून येताना दिसल्या. मी खुलासा करायला गेले, तर म्हातारीने डोळ्यांनीच गप्प केलं.

होळीनंतरचा शनिवार उजाडला. शनिवारची शाळा सकाळची. वडील दहा पावलं मागून, टोपी घालून, छत्री काखेत. जाताना सगळं ठीक झालं. शाळा सुटेपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले. दुपारी परत निघालो, चिंच आली आणि मी तळं उजव्या हाताला धरून वळले.

‘‘थांब.’’ बोलणार नाही म्हणालेले वडील बोलले. ‘‘आपण इकडून आलो नव्हतो. चुकलीस.’’

 उलगडून सांगायला गेले असते तर गोंधळले असते, म्हणून मी थांबलेच नाही. ‘‘चुकले नाही, बाबा. या,’’ एवढंच म्हटलं. त्यांच्याशी अशा आवाजात मी पहिल्यांदाच बोलत होते.

ते आले. काही पावलांनी त्यांनी खाली पाहिलं. गवतातून एक पायवाट गेली होती. हातभर रुंद, पावलांनी घट्ट झालेली, थेट देवळापर्यंत. त्यांनी नकाशासाठी हात पुढे केला. मी पिशवीतून नकाशा काढून दिला. तो त्यांनी सुलटा धरला, तळ्याची ही बाजू बोटाने तपासली.

‘‘ही वाट इथे नव्हती,’’ ते म्हणाले.

‘‘नव्हती,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या येण्याने झाली.’’

 नकाशा वडिलांनी परत दिला नाही, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. घरी आल्यावर हातपाय धुतले, चहासुद्धा न घेता खिडकीशी बसले आणि दौतीचं बूच उघडलं. मी दारातून बघत होते. त्यांनी पेन्सिल घेतलीच नाही.