रेडकाच्या वाटणीचं दूध

टँकर उलटला तो हैदराबादच्या रिंग रोडलगतच्या एका उतारावर. आत कीटकनाशकाचा कच्चा माल होता. चालक वाचला, दुपारपर्यंत रस्ता मोकळा झाला आणि लोकांच्या लेखी विषय संपला. आमचं काम तिथून सुरू झालं. विषारी कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या एका खासगी कंपनीत मी रसायनतज्ज्ञ आहे. भिजलेली माती, गवत, खड्ड्यातलं पाणी, अगदी कामगारांचे हातमोजेसुद्धा पिंपांत भरायचे, वर चिठ्ठी चिकटवायची आणि भट्टीकडे पाठवायचं. काचीगुड्याच्या घरी आई याला ‘कचऱ्याची नोकरी’ म्हणते. चूक काय त्यात?

उताराच्या तळाशी एका बाईचं खोपट होतं. आम्ही पट्ट्या लावून जागा बंद करेपर्यंत तिची म्हैस तिथलं गवत खाऊन मोकळी झाली होती. दिवसभर तिच्या तोंडातून लाळेची धार लागली. जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. म्हणाले, जगेल, पण विष दुधातून उतरत राहील, महिनाभर हे दूध वापरू नका. म्हैस नुकतीच व्यालेली, रेडकू जेमतेम दहा दिवसांचं. रतिबाच्या दुधावर त्या बाईचं घर चालत होतं.

खरं तर ते दूधही आम्हीच पिंपात भरून न्यायला हवं होतं. पण आमच्या फॉर्मवर दुधाला रकाना नव्हता. साहेबांना फोन केला तर ते हसले. तिला फेकून द्यायला सांग म्हणाले. मी जाऊन सांगितलं, “अम्मा, ये दूध बेचना नक्को. घर में भी कोई नै पीना. जहर है.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “दूध जमीन पे कैसा डालना मैडम? पाप लगता ना.”

आमच्या घरीही दूध नासलं तरी मोरीत ओतताना आईचा हात अडखळतो. रसायनशास्त्र शिकूनही माझा तसाच अडखळतो. कुठे ओतायचं ते मी दाखवायला हवं होतं, समोर उभं राहून ओतून घ्यायला हवं होतं. ते बघायला लागू नये म्हणून मी पिंपांकडे परत गेले.

मग रोज सकाळी मी लांबूनच विचारायचे, “दूध किसी ने पिया तो नै?” ती म्हणायची, “नै मैडम, कोई नै पिया.” मी वहीत बरोबरची खूण करायचे. एरवी मी मातीचा प्रत्येक नमुना दोनदा तपासणारी बाई. तिसऱ्या दिवशी रेडकाचं पोट टम्म दिसलं तेव्हा मी हसून म्हटलंही, मजा आहे की याची!

पाचव्या दिवशी सकाळी ते मेलेलं होतं. पाय ताठ, तोंडाभोवती वाळलेला फेस. बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

“इसको क्या पिलाया?” मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

“तुमीच बोले ना मैडम, आदमियां नै पीना बोलके,” ती म्हणाली. “फेंकने का दूध था. पूरा इसकोच छोड़ दी.”

रतिबासाठी दूध काढायचं म्हणून रेडकाला एरवी एकाच सडावर भागवावं लागतं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्या जिवाला आईचं सगळं दूध मिळालं होतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या बाईचा रागही आला. तो राग माझी चूक माझ्यापासूनच लपवायला उपयोगी पडत होता.

रेडकूही आता कचराच होतं. आम्ही जाड पिवळी पिशवी आणली तेव्हा तिने कातडं मागितलं. कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं केलं तर ती पान्हा सोडेल, नाहीतर आटेल, मग महिन्यानंतर विकायचं काय? मी नाही म्हटलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पिशवीचं तोंड बांधेपर्यंत म्हैस दावं ओढून हंबरत होती.

संध्याकाळी ऑफिसात अहवाल लिहायला बसले. मृत्यूच्या कारणापुढे लिहिलं, ‘दूषित गवत खाल्ल्यामुळे.’ साहेबांनी न विचारता सही केली. ते रेडकू अजून गवताला तोंडही लावत नव्हतं.