ताईची हाक

माणसाच्या तोंडाकडे न बघता गळ्याच्या खळगीकडे बघत बोलणारी बाई उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होती, आणि ती नेमकी माझी आतेबहीण होती. मोहने गावात तिच्या घरी गेलं की ‘कसा आहेस’ वगैरे नाहीच. दारातच डोळे मिटून ती माझा श्वास ऐकायची आणि म्हणायची, “सर्दी छातीत उतरतेय. बस.” संध्याकाळपर्यंत मला खोकला सुरू व्हायचाच. तिला बघायला आलेल्या मुलाला तर पोह्यांची बशी देता देताच तिने सांगितलं, “डाव्या बाजूला हवा कमी जातेय तुमच्या. छातीचा फोटो काढून घ्या.” मुलाने फोटो काढला, औषध घेतलं, बरा झाला आणि लग्न दुसरीशी केलं. आत्या कितीतरी दिवस रडत होती. ताई म्हणाली, “अगं, बरा झाला ना?”

नर्सिंग करून ती ठाण्याच्या एका इस्पितळात लागलेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे श्वास देणारं यंत्र आलं. त्याच्याजवळ उभं राहायला सगळे बिचकत. हिने ते काम मागून घेतलं. त्या कामाला तेव्हा आमच्याकडे धड नावही नव्हतं. तिचे वडील, आप्पा, येईल त्याला विचारायचे, “हवाच भरायची होती, तर सायकलचं दुकान काय वाईट होतं?”

एकदा दुपारी मी तिचा डबा द्यायला गेलेलो. कोलशेतचा एक कोळी यंत्रावर होता, उशाशी त्याची बायको. तेवढ्यात वीज गेली आणि यंत्र थांबलं. जनरेटरही सुरू होईना. ताईने नळीला रबरी फुगा जोडला आणि हाताने दाबायला लागली. मग माझ्या लक्षात आलं, ती कोळीण, वॉर्डबॉय, मी, सगळेच तिच्या मुठीबरोबर श्वास घेतोय. मी मुद्दाम वेगळा घेऊन बघितला. जमेना. तिने मूठ आवळली की माझी छाती वर.

वीज आली, माणूस वाचला. नळी निघाल्यावर ताईकडे बोट दाखवून तो बायकोला म्हणाला, “ही बाय सारखी हाका मारीत व्हती. ये, ये.”

“ती त कायच नाय बोलली,” कोळीण म्हणाली.

मी ताईला बाहेर गाठलं. ती ओशाळली. “मनात म्हणते रे मी, ‘या’. पण ते आतल्या आत.”

हे कळलं आणि आप्पांच्या तोंडचं सायकलचं दुकान कायमचं बंद झालं. पुढे त्यांचीच छाती भरू लागली. पडल्या पडल्या ते मध्येच दचकून श्वास घेत आणि म्हणत, “आलो गं, आलो.” आत्या घाबरून इकडेतिकडे बघायची. ताई तर तेव्हा ठाण्याला कामावर असायची.

एका सकाळी मात्र त्यांचा श्वास अडकला तो अडकलाच. ताई घरीच होती. डॉक्टर येईपर्यंत ती उशाशी बसून घरी आणून ठेवलेला फुगा दाबत राहिली. आप्पा गेले.

नंतर मी भीत भीत विचारलं, “हाक मारत होतीस ना?”

“आधी मारली. मग नाही मारली. फार दमले होते रे.” ती हातांकडे बघत म्हणाली, “हात नाही थांबवला मी.”

दिवसकार्य उरकून ती पुन्हा कामावर निघाली. आत्या दारात उभी होती. ताई वळणावर पोचली तेव्हा आत्याने हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.