हौदाकडे वळलेलं मत

वसई स्टेशनाबाहेरच्या टांग्यांत माझ्या टांगेवाल्याचंच तट्टू सर्वांत म्हातारं होतं, आणि म्हाताऱ्या जनावरांविरुद्ध सर्वांत मोठा आवाजही त्याचाच होता. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी रोज त्याच्या टांग्यातून होळी गावातल्या शाळेत शिकवायला जायचो. पाणी पाजायची वेळ झाली की तो हलकी शीळ घाली, आणि तट्टू आपसूक हौदाकडे वळे.

टांगेवाल्यांच्या संघटनेकडे नोंद असलेल्या तट्टांनाच स्टँडवर उभं राहता येई. थकलेल्यांची नोंद रद्द करा, हा नवा नियम त्यानंच सुचवला. कुणी त्याच्याच तट्टाचं वय काढू नये म्हणून बहुधा.

मत टांग्यानंच द्यायचं होतं. नियम हवा असणाऱ्यांनी चिंचेखाली उभं राहायचं, नको असणाऱ्यांनी हौदापाशी. दोन्हीकडे सारखे टांगे झाले आणि त्याचा तेवढा उरला. मी मागच्या सीटवर अडकलेलो. तो ऐटीत चिंचेकडे निघाला, पण अर्ध्या वाटेत तट्टू हौदाकडे वळलं. एका मतानं नियम पडला.

"माजं मत चिंचेखालीच हाय, मास्तर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पन जनावर ऐकत नाय, मी काय करनार?"

जनावरानं नीट ऐकलं होतं. ती शीळ मीही ऐकली होती.